सरांच्या बाटल्या

दुपारी तीनच्या सुमाराला सरांची बायको, म्हणजे आमच्या काकू, दुकानाच्या पायरीपाशी आल्या, कापडी पिशवीतून ती बाटली काढून माझ्या मांडीपाशी ठेवली आन म्हणल्या, "देविदास, सरांनी निरोप दिलाय. यावरचं चि. तेवढं काढून दे म्हणले. बाकी नाव राहू दे." मी तेव्हा एका स्टीलच्या पेल्यावर नाव टाकून राहिलो होतो, कुणाच्या तरी लेकराच्या पहिल्या वाढदिवसाचा पेला, आन हातोडी तशीच हवेत राहिली. "काहून?" मी म्हणलो. मला विचारायचं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. "मला काय माहीत बाबा," काकू म्हणल्या. "देविदासला कळेल म्हणले." मग त्यांनी पदरानं गळा पुसला आन सांगत राहिल्या, की लेक केतकी रविवारी गाडी घेऊन येणार, दोघांनाही पुण्याला नेणार, सर महिन्यापासून पलंगावरून उठले न्हाईत, घरात पाय ठेवायला जागा न्हाई, कशाकशाची बांधाबांध करायची. मी मान हलवत राहिलो. काय ऐकलं काय न्हाई, देव जाणे. त्या गेल्यावर मी बाटली उलटी केली. बुडाशी, अल्युमिनियमच्या काळपट पत्र्यावर, खिळ्यानं कोरलेलं नाव होतं: चि. नचिकेत. माझ्याच हातचं. ते टाकून आठ महिने झाले होते, आन आठ महिन्यांत ते चि. मला एकदाही दिसलं नव्हतं.

आता हे नीट सांगतो, न्हाईतर काही कळायचं न्हाई. मी भांड्यांवर नावं टाकतो. विश्वंभरशेठच्या भांड्यांच्या दुकानाच्या ओट्यावर बसून तीस वर्षं हेच करून राहिलो. आधी छन्नी-हातोडीनं ठिपका ठिपका, आता विजेचं मशीन आहे, पण जुनी गिऱ्हाइकं अजून म्हणतात, देविदास, हातानं टाक, मशीनचं पुसून जातं. यात एक रीत आहे, ती कुणी शिकवत न्हाई. पोरगं असलं की आधी चि., लग्नाची पोरगी असली की चि. सौ. कां., बाई असली की सौ., गेलेलं माणूस असलं की कै. गिऱ्हाईक नुसतं नाव सांगतं, बाकीचं आपला हात घालतो. मुंजीच्या ताटांवर, बारशाच्या वाट्यांवर, रुखवताच्या हंड्यांवर मी किती हजार वेळा ते चि. मारलं असंल त्याची गणती न्हाई. पण तेरा वर्षाचं पोरगं खिळा घेऊन स्वतःच्या बाटलीवर स्वतःचं नाव कोरत बसतं, तेव्हा ते स्वतःला चि. कशाला म्हणंल? ते दुसऱ्यानं म्हणायचं असतं. म्हणजे सरांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. ही बाटली नचिकेतची न्हाई, देविदासनं बनवलेली आहे, हे त्यांना सहा महिने माहीत होतं. आन तरी ते म्हणत होते, बाकी राहू दे. पण त्यांना एवढंच माहीत होतं. याच्या खालचं माहीत नव्हतं, आन रविवारच्या आत ते सांगायचं का न्हाई, हे आता माझ्यावर आलं होतं.

सरांचं नाव राधाकृष्ण, पण हिंगोलीत ते नुसते सर. शाळेत भूगोल शिकवायचे आन स्काउटचं पथक चालवायचे. त्यांच्या घराची पुढची खोली बाटल्यांनी भरलेली आहे. सरांच्या बाटल्या म्हणलं की नवा माणूस डोळा मारतो, आन त्याला मी दोन शब्द सुनावतो. पाण्याच्या बाटल्या हो, स्काउटच्या. खांद्याला अडकवायच्या, वर लोकरी कापडाचं आवरण शिवलेलं, साखळीला बूच. काही पोटाला बाक दिलेल्या, कंबरेला नीट बसाव्या म्हणून. काही निळ्या इनॅमलच्या, टवके उडालेल्या. एक निजामाच्या वक्तातली, हैदराबादच्या जुन्या बाजारातून आणलेली, तिच्या गळ्याशी उर्दूत कुणाचं तरी नाव आहे आन सरांना ते वाचता येतं. बाटल्यांच्या मागं मागं बाकीचंही आलं: एकात एक बसणाऱ्या डेगच्या, मुडपत्या दांडीचे तवे, झाकणाचीच ताटली होते ते डबे, एकमेकांत अडकणारे सुरी-काटा-चमचा, एक पितळी स्टोव्ह जो अजून पेटतो. पुण्याहून एक छंदिष्ट माणूस आला होता, पांढरे हातमोजे घालून, प्रत्येकाचा फोटो काढला आन म्हणाला, सर, असा संग्रह मराठवाड्यात दुसरा नसेल. सर हसले आन त्याला चहा पाजून लावून दिलं. त्याला काय सांगायचं? सर संग्रह करतच नव्हते. ते एकच बाटली शोधून राहिले होते, आन जी जी ती निघाली न्हाई तिला फेकून द्यायचं त्यांच्या जिवावर यायचं. अशा न निघालेल्या दोनशे चौदा बाटल्या त्या खोलीत आहेत.

एक्क्याण्णवचा एप्रिल होता. परीक्षा संपल्या होत्या. पथकानं हिंगोलीहून पुसेगावच्या वाटेनं पायी जायचं, एका आमराईत थांबायचं, बिनभांड्याचा स्वयंपाक करायचा, म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवात पळसाच्या पानांत पानगे भाजायचे, वांगी राखेत पुरायची, आन संध्याकाळी एसटीनं परत. आमी बावीस पोरं. निघायचं होतं साडेसहाला, पण शिधा यायला उशीर झाला आन निघालो नऊला. सरांचा त्या दिवशीचा नियम असा, की पाणी शिट्टीवर प्यायचं, आन पहिली शिट्टी आमराईत. ती परीक्षाच होती, तिच्यावर बिल्ला मिळायचा. सर दुष्ट होते असं कुणी समजू नका. पोरं पहिल्या कोसातच बाटल्या रिकाम्या करतात आन मग वाटेत शेतकऱ्यांच्या घागरी मागत फिरतात, हे त्यांनी दहा वर्षं बघितलं होतं. आमराई अर्धा कोस राहिली असताना नचिकेत पडला. नचिकेत म्हणजे सरांचा मुलगा, माझ्या वर्गातला, माझ्या संघातला. आधी बैलगाडीतून, मग कुणाच्या तरी जीपमधून त्याला हिंगोलीला आणलं, पण वाटेतच संपलं होतं. ऊन लागलं म्हणले. दुसऱ्या दिवसापासून सरांनी एकच गोष्ट विचारायला सुरुवात केली, की त्याची बाटली कुठाय. ती सापडली न्हाई. वाटेत पडली असंल, गुराख्यानं उचलली असंल, भंगारात गेली असंल, असं सगळे म्हणले, आन सर भंगारवाल्यांकडं जायला लागले. त्यांना ती काहून पाहिजे होती, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. "तो प्यायला होता का, एवढंच मला बघायचंय देविदास. भरलेली सापडली तर त्यानं माझं ऐकलं. रिकामी सापडली तर नाही ऐकलं. नसेल ऐकलं तर फार बरं होईल." आता इतक्या वर्षांनी कुठल्या बाटलीत पाणी राहतं, हे भूगोलाच्या मास्तरला कळत नव्हतं का? कळत होतं. तरी नवी बाटली हाती आली की ते आधी बूच बघायचे, लागलेलं आहे का उघडं.

मी बोर्डिंगात राहायचो. माझा बाप हिरासिंग, आमचा तांडा पुसेगावच्या पलीकडं, आन मी तांड्याचा म्हणून मला उन्हाचं काही वाटत न्हाई असं सगळे समजायचे. मीही समजायचो. माझी बाटली शाळेच्या कोठीतली होती, तिचा सांधा गेलेला, आन मैलभर चालल्यावर माझी चड्डी मागून ओली झाली तेव्हा मला कळलं की माझं पाणी सगळं गळून गेलं. पोरं हसतील म्हणून बोललो न्हाई. साडेदहा-अकराच्या सुमाराला मी मागं पडत गेलो. जीभ टाळूला चिकटली होती, कान वाजून राहिले होते. नचिकेत माझ्यासाठी थांबला. एका बाभळीपाशी त्यानं माझं तोंड बघितलं आन खांद्यावरून बाटली काढली. मी ती उंच धरून वरून प्यायला गेलो, आपल्याकडं तसंच, दुसऱ्याच्या भांड्याला तोंड लावायचं न्हाई, त्यात त्यांचं घर देवळात पूजा करणारं, आन मी तांड्यावरचा. तो म्हणाला, "तोंड लाव रे. वरून पिलं की निम्मं सांडतं." मी तोंड लावलं. मग मी थांबलोच न्हाई. मला थांबता येत होतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. अर्ध्यावर एकदा श्वास घ्यायला बाटली खाली घेतली, त्याच्याकडं बघितलं, तो काही बोलला न्हाई, आन मी पुन्हा लावली. गरम पाणी होतं, लोकरीचा वास येणारं, त्याच्यापेक्षा गोड मी आयुष्यात काही पिलो न्हाई. त्यानं बाटली हलवून बघितली. "सगळं?" म्हणाला, आन हसला. "बाबांना सांगू नको हां. बिल्ला जाईल दोघांचा."

मी सांगितलं न्हाई. पुढं गेल्यावर त्याचा खांदा दुखायला लागला म्हणून त्यानं बाटली माझ्याकडं दिली, थोड्या वेळानं तो अडखळत चालायला लागला, मग बसला, मग पडला. सर पुढून धावत आले आन ओरडले, "त्याची बाटली आणा, बाटली कुठाय त्याची?" बाटली माझ्या हातात होती. रिकामी. रस्त्याच्या कडेला एक विहीर होती, कठडा नसलेली, आन सगळे त्याच्याकडं बघत होते. मी काय केलं ते मला आजही आवाजासकट आठवतं. सर माझ्याकडं वळून म्हणले, "देविदास, तुझ्यासोबत होता ना तो? बाटली?" मी म्हणलो, "माहीत न्हाई सर." सरांनी मग आपली बाटली त्याच्या तोंडाला लावली, पण ते पाणी गालावरून वाहून गेलं. ती विहीर पुढं मालकानं बुजवली. आता तिथं सोयाबीन असतं. म्हणजे सर जन्मभर हिंडले असते तरी ती बाटली सापडायची नव्हती, आन हे जगात एकाच माणसाला माहीत होतं.

त्याच माणसाकडं सर प्रत्येक बाटली आधी आणायचे. मी दहावी नापास झालो तेव्हा सरांनीच मला विश्वंभरशेठकडं आणून बसवलं. म्हणले, "शेठ, याचा हात चांगला आहे, स्काउटमधे सगळ्यात सुबक नाव यानं कोरलं होतं." ते खरं होतं. बाटल्या अदलाबदल होऊ नयेत म्हणून सरांनी प्रत्येकाला आपापलं नाव खिळ्यानं कोरायला लावलं होतं, माझी कला तिथली. सर मला लेकरासारखं बघायचे. नचिकेतचा मित्र म्हणून असंल, मला कधी विचारायचा धीर झाला न्हाई. माझ्या लग्नात ते तांड्यावर येऊन मुक्काम करून राहिले, आन माझ्या आईला, बेबीबाईला, म्हणले, हा माझाही आहे बरं का. आन मग कधी महिन्यानं, कधी तीन महिन्यांनी एखादी बाटली घेऊन दुकानात यायचे. नांदेडहून, परभणीहून, कुठल्या आठवडी बाजारातून. ओट्यावर टेकायचे, रुमालातून बाटली काढायचे. "बघ रे देविदास." मी आवरणाचे टाके उसवायचो, रॉकेलचा बोळा फिरवायचो, बुडाला भिंग लावायचो. गंज खरवडताना हात कापायचा न्हाई, तेही मी शिकलो. आन मग म्हणायचो, "न्हाई सर. ही न्हाई." कधी दुसरंच नाव निघायचं. सर त्या माणसाला शोधून बाटली परत करायचे. गोरेगावचा एक भीमसिंग निघाला, साठीचा म्हातारा, तो ती बाटली छातीशी धरून दारातच बसून राहिला, आन सर परत येताना जीपमधे मला म्हणले, "बघ, सापडतात देविदास. उशिरा का होईना, सापडतात." मी खिडकीबाहेर बघत होतो. माझी बायको निता म्हणायची, तुमच्या सरांना दुसरं काम न्हाई का, आन तुमाला तरी? तिलाही मी सांगितलं न्हाई. दरवेळी ठरवायचो, की पुढची बाटली आली की सांगू. पुढची बाटली यायची आन मी भिंग लावायचो.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात सर जवळा बाजार गावाला एकटेच गेले, सत्त्याहत्तराव्या वर्षी, आन बाजारात चक्कर येऊन पडले. काकू दुकानात आल्या, रडल्या न्हाईत, नुसत्या म्हणल्या, "एखादी बाटली सापडू दे रे बाबा त्यांना. जाऊन राहिलाय जीव त्या उन्हात." त्या काय सुचवत नव्हत्या, देवाला म्हणावं तसं म्हणल्या. पण मी ते धरलं. मी स्वतः जवळा बाजारला गेलो, भंगारातून तसल्याच घडणीची एक बाटली काढली, तिच्यावर खिळ्यानं नाव कोरलं. छन्नी घेतली न्हाई, छन्नीचा हात सर ओळखतील एवढी अक्कल होती. नचिकेतच्या जुन्या वहीतलं अक्षर मनात आणलं, त्याचा न कसा पाय लांबवायचा, त कसा आडवा पडायचा. अक्षर काढताना डोळ्यांतून पाणी गळून राहिलं होतं, आन त्यात हातानं आपली रोजची सवय आधी टाकून दिली. मला दिसलंच न्हाई. मग तिला ओल्या मातीत मिठासकट पुरली, दोन महिन्यांनी काढली, आन एक दिवस सरांपुढं ठेवून म्हणलो, सर, पुसेगावच्या भंगारवाल्याकडं निघाली. त्यांनी आधी बूच बघितलं. ते मी मुद्दाम तोडून टाकलं होतं. मग बुडावरून बोट फिरवलं, एकदा, मग परत एकदा. "सापडली," ते म्हणले. मी त्यांच्या पाया पडलो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला तो लवकर काढलाच न्हाई. त्यानंतर ते एकदाही बाटली आणायला गेले न्हाईत. काकूंनी मला शिरा पाठवला. मी खाल्ला, आन मला वाटलं, सुटलो एकदाचा.

तर मी काकू गेल्यावर तासभर ती बाटली हातात घेऊन बसलो. चि. काढणं अवघड न्हाई. वरून ठोकून सपाट करायचं, कानस फिरवायची, वर राखेनं घासायचं, डाग राहतो पण वाचता येत न्हाई. दहा मिनिटांचं काम. ते करून बाटली पोचवायची, नमस्कार करायचा, रविवारी गाडीत बसवून द्यायचं, झालं. सर सुखानं जातील, मीही सुखानं नावं टाकीन. विश्वंभरशेठ आतून म्हणले, "काय रे देविदास, तब्येत बरी न्हाई का? जा घरी." मी पेला अर्धवट ठेवला, बाटली पिशवीत घातली आन सरांच्या घराकडं निघालो. वाटेत दोनदा परत फिरलो. मी का गेलो ते मला अजून नीट सांगता येत न्हाई. सर पुण्याला जाणार आन तिथंच संपणार हे दिसत होतं. मला वाटलं, एवढं मोठं माफ करणारा माणूस आपल्याला परत भेटायचा न्हाई. स्वार्थच होता, दुसरं काय.

पुढच्या खोलीत खोकी बांधून ठेवलेली होती. कपाटं अर्धी रिकामी. सर पलंगावर उशीला टेकून बसले होते, हडकुळे झालेले, पण दाढी केलेली. मला बघून चेहरा उजळला. "काढलंस?"

"न्हाई सर."

"घाई नाही. रविवारपर्यंत दे. बाकी सगळं शाळेला देऊन टाकतोय, पुण्याला ती एकच नेणार आहे." काकू आत कपड्यांच्या घड्या करत होत्या, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून सरांनी आवाज बारीक केला. "रागावला नाहीस ना? चि. खटकतं रे. तो स्वतःचं असं लिहिणार नाही."

"तुमाला कधी कळलं?"

"बोट फिरवलं तेव्हाच. आमच्या घरातलं प्रत्येक भांडं तुझ्या हातचं आहे, देविदास."

"मग बोलले काहून न्हाई?"

"काय बोलायचं? कोण कुणासाठी एवढं करतं? मातीत पुरली असशील, नाही का? वासावरून वाटलं." ते हसले. "मला आता ती खरीच वाटते. रात्रंदिवस उशाशी असते. तेवढं एक काढून टाक, मग काही खोटं राहणार नाही तिच्यात."

इथं मला उठता येत होतं. त्या दिवशी अर्ध्यावर श्वास घ्यायला थांबलो होतो, तसाच मी थांबलो, आन मग सांगितलं. गळकी बाटली, बाभूळ, तोंड लाव म्हणाला ते, सगळं पाणी, विहीर. खाली बघून सांगितलं. मधे एकदा काकूंच्या बांगड्यांचा आवाज थांबला, म्हणजे त्याही ऐकत होत्या.

"त्यानं आपणहून दिलं?" सरांनी विचारलं.

"व्हय सर."

"तोंड लाव म्हणाला?"

"व्हय."

"हं," ते म्हणले. डोळे भरून आले होते पण आवाज सरळ होता. "म्हणजे तो प्यायला नाही. माझं ऐकलं त्यानं." मग थोड्या वेळानं, "नाही, ऐकलं कुठं. शिट्टी व्हायच्या आत बूच उघडलं की." आन ते खरंच हसले, रडता रडता, आन माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू लेकरू होतास देविदास. तहान लागली, प्यायलास. त्यानं दिलं ते चांगलं केलं. त्यात तुझा काही अपराध नाही. विहिरीत टाकलीस, घाबरलास, लेकरंच घाबरतात. नियम माझा होता." मला हुंदका आला. तेहेतीस वर्षं जे ऐकायला मी मरून राहिलो होतो ते त्यांनी असं सहज म्हणून टाकलं. मी त्यांचा हात धरला. मला वाटलं, झालं, संपलं.

हात माझ्या हातात होता, आन तो हळूहळू सैल होत गेलेला मला कळला.

"विहिरीत टाकलीस," सर म्हणले, "म्हणजे मी पहिली बाटली दुकानात आणली, तेव्हा तुला माहीत होतं."

"व्हय सर."

"अन् दुसरी आणली तेव्हा."

मी मान हलवली.

"हैदराबादला गेलो होतो. दोन दिवस. तू म्हणालास, जा सर, तिथं सापडेल."

मला ते आठवत नव्हतं. पण मी म्हणलो असंल. मी असलं पुष्कळ काही म्हणलो असंल.

त्यांनी हात काढून घेतला आन पांघरुणावर ठेवला. चेहरा रागाचा नव्हता. राग असता तर मला सोसला असता. "तू भिंग लावायचास," ते म्हणले, "तेव्हा मी बाटलीकडं बघत नव्हतो रे. मला ते बघवायचं नाही. मी तुझ्या तोंडाकडं बघत बसायचो. तू कपाळाला आठी घालायचास, फुंकर मारायचास, परत बघायचास. मला वाटायचं, तुझ्या काकूनं सोडून दिलं, केतकीला तर तो नीट आठवतही नाही, सगळे कंटाळले, पण हा एक माझ्यासोबत शोधतोय. त्याच्यावर मी जगलो देविदास. बाटली सापडायची नाही हे मला दहा वर्षांतच कळलं होतं. मी तुझ्याकडं यायचो."

मी म्हणलो, "सर, मी दरवेळी सांगणार होतो."

"पाण्याचं काही नाही," ते म्हणले. "ते लेकराचं झालं. पण तू चाळीस वर्षांचा झालास, तुझी लेकरं झाली, अन् तू माझ्यासमोर बसून रिकामा पत्रा खरवडत राहिलास." दम लागला म्हणून ते थांबले. बाटली माझ्या पिशवीत होती, ती त्यांनी मागितली न्हाई. "जा आता," म्हणले, आन मान भिंतीकडं वळवली.

मी उठलो. शाळेत सर असेच करायचे. पोरगं चुकलं की ओरडायचे न्हाईत, नुसतं म्हणायचे, जा आता, वर्गाबाहेर जा. आन ते दाराशी पोचलं की मागून हाक मारायचे, ये इकडं. दरवेळी. आमाला ते पाठ होतं, म्हणून आमी दारापर्यंत अगदी सावकाश चालायचो. मी सावकाश चाललो. काकू आतल्या दाराला धरून उभ्या होत्या, हातात सरांचा सदरा, आन त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. उंबऱ्याबाहेर बसून मी चपला घातल्या. एक पट्टा लावला, काढला, परत लावला. दुसऱ्या पायाला तसंच केलं. आत पलंग एकदा करकरला, तेव्हा मी थांबलो आन मान वर केली. मग काकू पुढं आल्या आन त्यांनी दार लोटून घेतलं. मी पायरीवर अजून थोडा वेळ बसून राहिलो. हाक आली न्हाई.